आठ दातांचं पिनियन आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी मोटर आहे. विहिरीतलं पाणी उपसणारी नव्हे, पिठाच्या गिरणीतलीही नव्हे. मी तुमच्या अंगठ्याएवढी आहे. शर्यतीच्या छोट्या गाडीच्या पोटात बसून ती पळवणं हे माझं काम. आता फार पळवत नाही. बोलायलाही मधे मधे थांबावं लागतं, तेवढं समजून घ्या.

बेळगावात खासबागेत नागेंद्रअण्णांचं मोटरी दुरुस्त करायचं दुकान आहे. खाली शेतावरचे जळालेले पंप येतात आणि वर माडीवर लाकडाचा वळणावळणाचा ट्रॅक मांडलेला आहे. त्यात खाचा पाडल्या आहेत आणि खाचांच्या दोन्ही अंगांना तांब्याच्या पट्ट्या आहेत. गाडीची खुंटी खाचेत बसते, पट्ट्यांतून वीज येते. हातातल्या कंट्रोलरचा चाप दाबाल तशी गाडी पळते. वळणावर चाप सोडायला विसरलात, तर गाडी उडून थेट खिडकीखाली जाते.

तिथं मी पुठ्ठ्याच्या खोक्यातून, लांबच्या कारखान्यातून आले. खोक्यात माझ्या बहिणी होत्या. दिसायला आम्ही सारख्या, पण स्वभाव एकीचा दुसरीसारखा नाही. कुणी सावकाश फिरणारी पण दंडात जोर असलेली, तर कुणी भिंगरीसारखी फिरणारी पण नाजूक. अण्णांनी एकेकीला बॅटरी लावून दाखवली. दर रविवारी माडीवर शर्यतीला येणारी सातवीतली चिन्मयी कान लावून ऐकत होती. माझी पाळी आली तशी ती म्हणाली, "अण्णा, ही बघा कशी गुणगुणते!"

"आवाज बारीक हाय गं तिचा. फिरंल लई, पण जोर न्हाय. दुसरी घे."

"न्हाय. हीच पाहिजे."

"मग पिनियन लहान घाल. तिच्या जिवाला झेपंल असं."

पिनियन म्हणजे माझ्या दांड्यावर बसणारं छोटं दातेरी चाक. त्याचे दात मागच्या मोठ्या गिअरच्या दातांत अडकतात आणि गाडीचं चाक फिरतं. पिनियनला आठ दात आणि मोठ्या गिअरला अठ्ठावीस, असं तिनं ठरवलं. म्हणजे मी साडेतीन वेळा फिरायचं, तेव्हा चाक एकदा फिरणार. हलक्या गिअरमध्ये सायकलनं चढ चढलात ना कधी? पाय भराभरा फिरतात, पण मांड्या भरून येत नाहीत. तसंच माझं झालं. वळणातून निघताना मी टुणकन पुढे व्हायचे. "पोरगीनं मोटर वळखली," असं अण्णा येईल त्याला सांगत. ते माझे सुखाचे दिवस.

पण एक अडचण होती. माडीवर बसायची बाकं होती ती लांब सरळ वाटेच्या कडेला. शिट्ट्या पडायच्या त्या सरळ वाटेवर पळणाऱ्या गाडीला. वळणं मागच्या भिंतीकडे होती. तिथं काय घडतं ते कोण बघतो? चिन्मयीच्या काकांचा अनय जोरकस मोटर घेऊन आला, मोठं पिनियन लावून. सरळ वाटेवर तो आम्हाला सोडून जायचा. एकदा तर म्हणाला, "चिनू, गाडी वरातीला लावलीस व्हय गं?"

सगळे हसले. चिन्मयीही हसली, पण घरी गेल्यावर तिनं माझं आठ दातांचं पिनियन काढून नऊचं लावलं. मग दहाचं. पिनियन मोठं झालं की मोटरच्या प्रत्येक फेऱ्याला गाडी जास्त पुढे जाते, हे खरं. पण तितकंच मोटरवरचं ओझं वाढतं, हेही खरं. सरळ वाटेवर मला शिट्ट्या मिळू लागल्या. वळणातून उठताना मात्र कंबर मोडायची. अंग तापायचं. रविवार संपला तरी ते लवकर निवायचं नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी निपाणीला मोठी शर्यत होती. खासबागेतून तिघांनाच जायचं होतं. आदल्या वर्षी चिन्मयी चौथी आली होती. निवडलेल्या तिघांना घेऊन जीप निपाणीकडे निघाली तेव्हा ती दुकानाच्या पायरीवर उभी राहून हात हलवत होती. ह्या खेपेला पायरीवर उभं राहायचं नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

मधे खंडेनवमी आली. त्या दिवशी दुकानातली सगळी हत्यारं न्हाऊन-माखून पाटावर बसतात. चिन्मयीनं आमची गाडीही ठेवली. सगळ्यांनी आपापल्या गाडीच्या टपाला कुंकू लावलं. तिला मात्र वाटलं, टपाला काय लावायचं? खरी राबते ती मोटर. तिनं टप काढला, माझ्या अंगावर तेलाचा हात फिरवला आणि चिमूटभर कुंकू वाहिलं. हात जोडले, डोळे मिटले. तिची माया कळत होती हो मला. पण माझ्या पत्र्याला वारा यायला झरोके आहेत. त्यातून कुंकू आत गेलं, तेलात कालवलं आणि जिथं कार्बन घासून मला वीज मिळते तिथंच लेप होऊन बसलं.

मग माझा जोर ओसरला. कितीही चाप दाबा, गाडी उठेना. "हिचं वय झालं असंल," अण्णा म्हणाले. "अकराचं घालून बघ, सरळ वाटेवर तरी पळंल." तिनं अकराचं घातलं. मित्रांनो, दम लागलेल्याच्या डोक्यावर आणखी एक पोतं ठेवलं.

निवडीचा रविवार उजाडला. दोन फेऱ्या होत्या, त्यातली चांगली धरायची. पहिल्या फेरीत आम्ही पाचवे आलो. "पूजा केल्यापास्नं देवच झोपलाय गं तुझा," अनय म्हणाला. ह्या वेळी चिन्मयी हसली नाही. कंट्रोलर मांडीवर घेऊन ती बाकावर जाऊन बसली.

जेवणाच्या सुट्टीत तिची आई, पूर्णिमा, डबा घेऊन आली. कडेवर धाकटी ओवी. चिन्मयीपुढे तिनं डबा उघडला. गाडी उचलून बाजूला ठेवायला गेली आणि तिचं बोट मला लागलं.

"अगं बाई! हिला ताप आलाय की."

"मोटर आहे आई. तापणारच."

"एवढी? चटका बसला. आणि वास कसला जळका?"

चिन्मयीनं मला नाकाशी धरलं. मग झरोक्यातून आत पाहिलं. आत लाल दिसत होतं. "अण्णा, हे बघा," ती म्हणाली आणि मला पुढे केलं.

अण्णांनी कपाळावर हात मारला. "रोज पंपांचे कार्बन पुसतो मी, आन् हिच्या आत बघायचं सुचलं न्हाय मला." त्यांनी स्पिरिट आणलं. चिन्मयीनं कापसानं मला हळूहळू पुसलं, बाळाचे कान पुसावेत तसं.

अनय शेजारी येऊन उभा राहिला. "माझी जादाची मोटर घे. नवी हाय. खोटं न्हाय, खरंच घे."

तिनं माझ्याकडे बघितलं. माझी बाजू मांडायला मला तोंड नव्हतं.

"नव्या मोटरचा स्वभाव मला ठाऊक न्हाय रं," ती म्हणाली आणि आठ दातांचं पिनियन शोधू लागली.

"सरळ वाटेवर सगळी टाकून जातील तुला."

"जाऊ देत. वळणं किती हायत बघ की."

दुसऱ्या फेरीत सरळ वाटेवर आम्हाला एकही शिट्टी मिळाली नाही. पण मागच्या भिंतीकडे, जिथं कुणी बघत नव्हतं, तिथं मी दर वळणाला दुसऱ्यांची आघाडी थोडी थोडी काढून घेत होते. आम्ही तिसरे आलो. पूर्णिमानं ओवीला एवढं वर उचललं की ती रडायलाच लागली.

निपाणीला मात्र मी गेले नाही. फार तापलं की मोटरमधलं लोहचुंबक कायमचं मंदावतं. ते कापसानं पुसून परत येत नाही. अण्णांनी तपासलं आणि मान हलवली. चिन्मयीनं आठवडाभर सराव करून अनयच्या त्या नव्या मोटरचा स्वभाव ओळखला आणि तीच घेऊन ती निपाणीला गेली. जाताना मला तळहातावर घेऊन बराच वेळ बसली होती. मला राग आला नाही. दमलेल्याला राग परवडत नाही.

आता मी ट्रॅक पुसणाऱ्या गाडीत आहे. शर्यतीआधी पट्ट्यांवरची धूळ काढायची, मागे ओलं फडकं ओढत. पिनियन सर्वांत लहान, चाल गोगलगायीची. बाकावरचे तेव्हा चहा पीत असतात.

मित्रांनो, तुमच्याजवळही राबणारं काही असेल, कुणी असेल. त्याची पूजा करा, पण आधी त्याच्या अंगाला हात लावून बघा. ते मागे पडलं तर आणखी जोर लावू नका. त्याला काय झेपतं ते विचारा, आत काय साचलंय ते बघा. आम्ही विझण्याआधी तापतो. तेव्हाच कळलं तर आम्ही पुष्कळ दिवस पुरतो.

बरं, चाप दाबला वाटतं कुणी. भिंतीकडची वळणं अजून पुसायची राहिलीत. जाते.