काकूंच्या मागच्या खोलीतला सिलिंडर

मी सिलिंडर बोलतोय. स्वयंपाकघराकडे कशाला बघताय? तो शेगडीजवळचा गृहस्थ वेगळा, त्याचा नि माझा काडीचाही संबंध नाही. मी ऑक्सिजनचा. अंग काळं, खांदे पांढरे, आणि वजन असं की मला जिन्यावरून चढवताना भल्याभल्यांना देव आठवतो. एरवी मी बोलत नाही, नुसता फुसफुसतो. पण जे पाहिलंय ते पोटात ठेवलं तर फुटेन, आणि माझ्यासारख्यानं फुटणं कुणाच्याच हिताचं नाही. म्हणून बोलतोय.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादाचा जाड तुकडा तापवला, दाबला, ताणला आणि मला घडवला. मग पोटात पाणी भरून असा काही दाब दिला की म्हटलं, संपलं आपलं! माझ्या शेजारचा भाऊ तिथेच चिरला, त्याला बाजूला काढला. मी टिकलो. मानेवर नंबर ठोकून घेतला आणि ऐटीत बाहेर पडलो. दाब सोसावा तर आपणच, अशी माझी तेव्हापासून ठाम समजूत झाली. मी जरा शिष्टच होतो म्हणा ना.

पहिली बरीच वर्षं हॉस्पिटलात गेली. ‘सिलिंडर आणा’ अशी हाक आली की नातेवाइकांचे चेहरे उतरायचे. एका आजोबांनी तर मला बघून नर्सला विचारलं, “म्हणजे माझं आटोपलं का गं?” ती म्हणाली, “काहीतरीच काय आजोबा, नुसती हवा आहे ती.” आजोबा बरे होऊन घरी गेले, पण जाताना माझ्याकडे वाकड्या नजरेनंच बघून गेले. पुढे हॉस्पिटलच्या भिंतींतून ऑक्सिजनचे नळ फिरले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. सोबतीला एक टक्कल पडलेला झाडू आणि पाय मोडलेलं स्टूल. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात, इथे वैद्य जिवंत होते, मेलो मीच. शेवटी आजाऱ्यांचं सामान भाड्यानं देणाऱ्या एका दुकानदारानं मला उचललं, धुतलं, रंगवलं आणि एके दिवशी टेम्पोतून एका लाँड्रीच्या दारात उतरवलं.

लाँड्री! मी चक्रावलोच. पुढच्या दुकानात इस्त्रीची टेबलं, हँगरवर ओळीनं शर्ट, वाफेचा वास. माझी जागा मागच्या खोलीत, चादरींच्या गठ्ठ्यांपासून दूर, भिंतीला साखळीनं बांधून. आजारी कोण, तर कुणीच दिसेना. लाँड्रीच्या मालकीणबाई, ज्यांना सगळे काकू म्हणतात, त्या तर मला एका हातानं ढकलत होत्या. मनात म्हटलं, या बाईला माझी कसली गरज? हिनंच चार जणांना श्वास द्यावा!

दुपारची जेवणं झाली आणि मला उत्तर मिळालं. काकू शर्टाची कॉलर दाबत होत्या, मध्येच थांबल्या. डाव्या डोळ्याची पापणी उतरली, त्या एकाच डोळ्यातून पाणी वाहायला लागलं. आधी त्यांनी इस्त्र्या बंद केल्या, सगळ्या, बटणं हातानं चाचपून. मग मागे आल्या, मास्क तोंडाला लावला, माझ्या मानेवरचं गोल बटण पार शेवटपर्यंत फिरवलं आणि पुढे वाकून बसल्या. बसल्या कसल्या, झुलत होत्या. मूठ वळून कपाळावर मारत होत्या. मी हॉस्पिटलात माणसं जाताना पाहिली होती, पण असं दुखणं मी पाहिलं नव्हतं. माझ्या पोलादाला शहारा आला! आणि थोड्या वेळानं काकूंनी मास्क काढला, नाक पुसलं, “गेला मेला,” म्हणाल्या आणि त्याच कॉलरवर पुन्हा इस्त्री फिरवायला गेल्या. मी बघतच राहिलो. दाब सोसण्याच्या माझ्या बढाया त्या दुपारी गळून पडल्या.

डॉक्टर त्याला क्लस्टर डोकेदुखी म्हणतात. साध्या डोकेदुखीशी त्याचं फक्त नावाचं नातं. एका डोळ्यामागे तापलेली सळई खुपसावी तसं होतं म्हणे, आणि रोज ठरल्या वेळी होतं. काही आठवडे छळून जातं, मग पुन्हा येतं. काकूंसारखे आणखी काही जण शहरात होते. ते सुट्टीच्या दिवशी मागच्या खोलीत जमायचे. त्यांतले मास्तर मला फार आवडायचे. निवृत्त माणूस, जन्मभर मुलांना भूगोल शिकवलेला, जीभ भारी तिखट. त्यांनी या दुखण्याचं नाव ठेवलं होतं जावईबापू. “वेळेवर येतो, डोक्यावर बसतो, आणि जा म्हणता येत नाही. दुसरं काय म्हणणार?” त्यांच्या खिशातली सिगारेट मात्र काकू दारातच काढून घ्यायच्या. “माझ्या सिलिंडरजवळ काडी ओढलीत तर मास्तर, तुमचा नकाशाच पुसला जाईल!”

या लोकांची एक रीत होती. तशी मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. कुणाला कळ आली की बाकीच्यांनी उठून जायचं नाही, पण बघायचंही नाही. त्याच खोलीत, त्याच्याकडे पाठ करून, जमिनीवर बसायचं. तोंडातून शब्द काढायचा नाही. ही रीत काकूंनी घातली. सुरुवातीला त्यांच्या घरची माणसं भोवती गोळा व्हायची. पाणी देऊ का, डोकं दाबू का, जरा आडवी हो ना! आडवं झालं की ते आणखी वाढतं, हे कुणाला सांगणार? एकदा काकूंनी टेबलावरचा दिवा भिंतीवर भिरकावला आणि मग स्वतःच रडल्या. “मला बघू नका,” त्या म्हणाल्या होत्या, “पण मला एकटीला टाकूनही जाऊ नका.” पाठ करून बसलेली ती माणसं बघून मला भरून यायचं.

अशाच एका दुपारी एक ताई आपल्या धाकट्या भावाला घेऊन आली. भाऊ खिडक्यांना काचा बसवायचा. उंच शिडीवर चढून अख्खी काच एकट्यानं पेलणारा, पण बोलायला लाजणारा. आमच्याकडे त्याचं नाव काचवालाच पडलं. दाताचं दुखणं समजून त्याच्या तीन दाढा काढून झाल्या होत्या. त्या बिचाऱ्यांचा काय दोष!

“इथून सुरू होतं,” तो डोळ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “आणि मग...”

“मग बसवत नाही, उठवत नाही,” मास्तर म्हणाले. “खोलीभर येरझाऱ्या.”

“नाकाची एकच बाजू गळते,” काकू म्हणाल्या.

“आणि लोक म्हणतात, माझंही डोकं दुखतं अधूनमधून, एक गोळी घे!” मास्तरांनी जोड दिली.

काचवाला आळीपाळीनं दोघांकडे बघत राहिला. “तुम्हाला कसं कळलं?” त्यानं विचारलं, आणि तो उंचापुरा माणूस ओठ दाबून रडायला लागला. ताईनं पदर तोंडाला लावला. बाकीचे हसत होते. खरंच हसत होते, आनंदानं! आपलं माणूस सापडल्यावर हसतात तसे.

काकूंनी त्याला आपल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासून तेच निदान केलं आणि मलाच लिहून दिलं, म्हणजे ऑक्सिजन. पण दुकानदाराकडे तेव्हा दुसरा सिलिंडर शिल्लक नव्हता. दुसरा घेऊन टेम्पो येईपर्यंत रोज दुपारी इथेच ये, काकूंनी त्याला सांगितलं, आणि त्याच्यासाठी मास्तर नि बाकीचेही रोज यायला लागले. त्याची वेळ काकूंच्या जरा आधीची. “मास्क घट्ट धर, त्याच्या खालची पिशवी टम्म फुगली पाहिजे, आणि बटण पूर्ण उघड,” काकूंनी दाखवलं. त्यानं मान हलवली.

पहिल्या दिवशी कळ आली. सगळे पाठ करून बसले. त्यानं बटण पूर्ण उघडलं, आणि मग, कुणी बघत नाहीसं पाहून, हळूच निम्म्याहून खाली आणलं.

अरे! मी आतून ओरडलो. पण सिलिंडरचं ओरडणं कोण ऐकणार? माझी हवा अशी तोलूनमापून घेतली तर या दुखण्याचा केसही वाकडा होत नाही. ते भिंतीला धरून तळमळत राहिलं पोर, आणि कळ आपल्या वेळेनंच गेली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मी फुसफुसत होतो आणि माझाच मला राग येत होता.

तिसऱ्या दिवशी त्यानं मास्कची नळी नीट गुंडाळून टेबलावर ठेवली. “हेही नाही,” तो म्हणाला. आवाज अगदी शांत. मग बहिणीकडे वळला. “ताई, झालं ना सगळं करून? आता मला अडवू नकोस.”

कशापासून अडवू नकोस, हे विचारायची तिथे कुणालाच गरज नव्हती. काकू दारात जाऊन उभ्या राहिल्या. “उद्या यायचं. मला शब्द दे.”

“काकू, काय उपयोग?”

“उपयोगाचं नंतर बघू. माझ्यासाठी ये.” त्यानं ‘येतो’ म्हटलं, तेव्हा काकू ताईला बाजूला घेऊन म्हणाल्या, “आज त्याला क्षणभरही एकटं सोडू नकोस. मास्तर तुमच्याबरोबर येतील. आणि सकाळी उठल्या उठल्या डॉक्टरांना हे सगळं सांग, काही झाकू नकोस.” मास्तर चपला घालून तयारच होते. पहिल्यांदाच त्यांना विनोद सुचला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो आला. शब्द दिला होता म्हणून आला, डोळ्यांत काही नव्हतं. कळ आली. सगळे पाठ करून बसले. त्यानं बटण उघडलं, परत खाली आणलं. मी बारीक आवाजात फुसफुसायला लागलो, आणि पाठमोऱ्या काकूंची मान ताठ झाली. माझा आवाज त्या वर्षानुवर्षं ऐकत आल्या होत्या, आणि आज तर कान देऊन बसल्या होत्या. मी जीव तोडून फुसफुसलो, त्याहून जास्त मी काय करणार! मग काकूंनी आजवर कधीच केलं नव्हतं ते केलं. त्या वळल्या.

पिशवी चपटी पडली होती. बटणावर काचवाल्याचा हात होता.

“अरे शहाण्या! हे काय चाललंय?”

त्याला धड बोलता येईना. “संपेल ना... टेम्पो अजून... तुमची वेळ यायचीये...”

“रोज असंच करत होतास?”

त्यानं मान डोलावली. काकूंनी माझ्या मानेवरच्या दाबाच्या काट्याकडे पाहिलं. काटा बराच खाली आला होता. त्यांनी काट्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, मी शपथेवर सांगतो. आणि मग बटण धरून करकचून पूर्ण उघडलं. “संपू दे! ओढ. खोल ओढ. माझी काळजी करायला तुला कुणी सांगितलं, आं? ओढ म्हणते ना!”

मी सुटलो. पोटात होतं नव्हतं ते सगळं घेऊन सुटलो. पिशवी टम्म फुगली. हळूहळू त्याची मूठ उघडली. झुलणं मंदावलं. मग तो एकदम थांबला आणि घाबरल्यासारखा इकडेतिकडे बघायला लागला.

“गेलं,” तो म्हणाला. “काकू, गेलं! वेळेच्या आधी गेलं!”

मास्तर खिडकीकडे तोंड करून उगीचच चष्मा पुसत राहिले. आणि माझा काटा तळाला टेकला. माझ्यात आता फुंकर घालण्याइतकीही हवा उरली नव्हती.

तेवढ्यात काकूंची डावी पापणी उतरली.

“अगं बाई,” ताई किंचाळली, “आणि सिलिंडर?” मास्तर फोनकडे धावले. टेम्पो दुसऱ्या टोकाला होता, यायला वेळ लागणार होता. काकूंनी हातानंच ‘राहू द्या’ केलं, गठ्ठ्याची उशी करून भिंतीला लावली आणि तिच्यावर कपाळ आपटायला लागल्या. मी साखळीला बांधलेला, रिकामा, ते सगळं ऐकत होतो. काचवाला मध्ये उभा. एकदा माझ्याकडे बघतोय, एकदा त्यांच्याकडे. मग तो खाली बसला. त्यांच्याकडे पाठ करून, मांडी घालून, हात गुडघ्यांवर. तो हलला नाही. शेवटपर्यंत हलला नाही.

सगळं ओसरल्यावर काकूंनी तोंड धुतलं. “बसलास ना?” त्या म्हणाल्या. “जमलं की तुला. आता उद्याही मला लागशील.”

पुढे एकदा चादरींच्या घड्या घालताना ताईनं विचारलं, “काकू, त्या दिवशी थोडा तुमच्यासाठी ठेवला असता तर?”

काकू हसल्या. “अगं, थोड्यानं काही होत नाही, तिथेच तर तो चुकत होता. अर्धा त्याला, अर्धा मला केला असता, तर दोघंही भिंतीवर डोकं आपटत बसलो असतो. कुणातरी एकाला पुरा द्यायला हवा होता. मला सवय आहे. तो जायला निघाला होता.”

मी पुष्कळ दाब सोसलाय हो, पण ते ऐकून मला माझ्या पोलादाची लाज वाटली.

आता मी म्हातारा झालोय. मानेवरचे आटे झिजलेत. उद्या माझी तपासणी आहे, पुन्हा पोटात पाणी भरून दाब देतील. टिकलो तर परत येईन, नाहीतर भट्टीत जाईन. तशी मला त्याची भीती नाही. काचवाल्याकडे आता त्याचा स्वतःचा सिलिंडर आहे, दुखणं अजून येतंच, पण शिडीवर तो पुन्हा चढतो. आत्ताच तो पुढच्या दुकानात फोनवर कुणाला तरी सांगतोय, “नाही हो, वेड नाही लागलेलं तुम्हाला. डाव्या डोळ्यामागे ना? पत्ता सांगा. मी निघालोच.”

माझं मागणं एवढंच. कुणी म्हणालं की डोकं दुखतंय, तर ‘त्यात काय एवढं’ म्हणू नका. आणि कुणाला द्यायला बसाल तेव्हा हात राखू नका. चला, टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. काकू साखळी सोडतायत. येतो.