खाडीची

बाईंनी पाटीतली बोय मासळी उचलली, बोटाने कल्ला वर केला आणि नाकाशी नेली.

"खाडीची का?"

ठमाबाई कोयता पुसत होती. तिचा हात थांबला नाही. "नाय वो बाय. भाऊच्या धक्क्याची. सकालीच उतरवलीय."

बाईंनी आणखी एकदा वास घेतला, मान हलवली आणि वाटा पिशवीत टाकून डोंबिवली स्टेशनच्या दिशेने चालू लागल्या. खाडीच्या माशाला घासलेटचा वास मारतो, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. हा वास कल्ल्यात कधी सापडतो, कधी चकवतो. कालवण चुलीवर चढलं की मात्र घरभर होतो. मग दुसऱ्या दिवशी कोळणीचा उद्धार.

याच जागेवर पूर्वी ठमाबाईची सासू बसायची. ती एकच शब्द ओरडायची, "खाडीची, खाडीची!" भाव नाही, माशाचं नाव नाही. तेवढ्यावर बायका बर्फातली मासळी सोडून तिच्या पाटीभोवती जमायच्या. सासूने सुनेला पाटी दिली, जागा दिली आणि हा शब्द दिला. पाटी आणि जागा राहिली होती.

"मावशी, ही बोय धक्क्याची कधीपासून झाली?" मागून मालूने विचारलं.

मालू रेल्वेच्या चाळीतली. बापाने वर्कशॉपात घाम गाळून तिला बी.एस्सी. केली होती, केमिस्ट्री घेऊन; आता ती शाळेत शिकवत होती. लहानपणापासून आईबरोबर ती इथेच मासळीला यायची.

"जवापासून तुमी लोक कल्ल्यात नाक घालाय लागला तवापासून," ठमाबाई म्हणाली. "खरा बोलून पाटी खपंल का?"

मालू हसली नाही. खाली बसून म्हणाली, "मावशी, आम्ही खाडीसाठी समिती करतोय. नागरिक संघ, नगरपालिका, वरचा रंगाचा कारखाना, सगळे आहेत. पण खाडी तुमची. तुम्ही नसाल तर ती समिती कसली?"

"कारखाना पन हाय? मांजर दुधाच्या राखनीला?"

"असू दे. समोर बसवल्याशिवाय जाब कसा विचारणार?"

ठमाबाईला ते पटलं. तिने कोळीवाड्यातल्या बायका गोळा केल्या. पावसाळ्यापूर्वीचे रविवार त्यांनी खाडीत घालवले. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरायचं आणि वर ओढायचं: टायर, फाटक्या गाद्या, चपला, मखरांच्या कांबी, एकदा तर गंजून चाळण झालेला संडासाचा अख्खा पत्रा. ठमाबाईचा नवरा नाथा आणि इतर पुरुष होड्या भरभरून तो कचरा काठाला आणत. कॉलनीतले लोक काठावर साखळी करून तो ट्रकमध्ये चढवत. बँकेतले साहेब आणि कोळणी एका किटलीतला चहा प्यायले. कारखान्याने सगळ्यांना पिवळ्या टोप्या दिल्या. रविवारी कारखाना बंद असायचा, त्यामुळे पाणीही जरा निवळ दिसायचं, आणि फोटो रविवारीच निघायचे.

सोमवारी नाल्याच्या तोंडातून पुन्हा जांभळं पाणी यायचं.

शाळेच्या हॉलमध्ये बैठक भरली तेव्हा मालूने नाल्याच्या पाण्याची बाटली टेबलावर ठेवली. कारखान्याचे सरपोतदार साहेब तिच्याकडे कौतुकाने पाहत राहिले.

"कारखान्याच्या पायपाचा काय?" ठमाबाईने उभं राहून विचारलं.

"आजी, तो तांत्रिक विषय आहे," सरपोतदार म्हणाले. "आम्ही प्रक्रिया करूनच पाणी सोडतो."

"मग बाटलीत काय आहे, सर?" मालू म्हणाली.

"सँपल कुणी घेतलं, कसं घेतलं, यावर बरंच अवलंबून असतं. पुढच्या बैठकीत घेऊ." मग ते ठमाबाईच्या दिराकडे, धाकूकडे वळले. धाकू गावकीचा पुढारी. "तुमचा होड्यांचा धक्का आम्ही पक्का बांधून देतोय, सांगितलं ना गावात?"

धाकूने वहिनीचा पदर धरून तिला खाली बसवलं. "वयनी, बस ना आता. धक्का जाईल हातचा."

पुढच्या बैठकीत घ्यायचा तो विषय मग कधीच आला नाही. आली ती नारळी पौर्णिमा.

यंदा सोन्याच्या नारळाचा मान नाथाच्या घराला होता. ठमाबाईने नारळाला सोनेरी कागद स्वतः चिकटवला, एक सुरकुती पडू दिली नाही. ताट डोक्यावर घेऊन ती पुढे, मागे बायका, बॅन्जो, गुलाल. मिरवणूक काठाशी आली आणि बॅन्जो एकदम थांबला.

धक्क्याच्या वाटेवर नवाकोरा फलक उभा होता. 'खाडी आपली, जबाबदारी आपली. पाण्यात नारळ व निर्माल्य टाकू नये.' खाली कारखान्याचं नाव, नगरपालिकेचं नाव, नागरिक संघाचं नाव. कोळीवाड्याचं नाव नव्हतं. रंगाऱ्याला जागा पुरली नसावी. फलकाशेजारी सिमेंटचा कलश, आणि कलशाशेजारी सरपोतदार, फोटोग्राफर घेऊन.

मालू धावतच पुढे आली. "सर, हे कुणी ठरवलं? बैठकीत नव्हतं."

"सर्वसाधारण सूचना आहे हो. सगळ्याच नद्यांवर लावतात." मग त्यांनी ठमाबाईला हात जोडले. "आजी, तुम्हीच आदर्श घालून द्या. नारळ या कलशात टाका. उद्या पेपरात फोटो येईल."

ठमाबाईने ताट डोक्यावरून उतरवलं. तिला अक्षरं लावत वाचायला वेळ लागला.

"टाकू नये," ती म्हणाली. "आमी टाकीत नाय, साहेब. आमी नारल सोडतो. दर्या आमचा बाप, त्याचे पदरात सोडतो. टाकतात तो कचरा." तिने नाल्याकडे हात केला. तिथे, सणाच्या दिवशीही, जांभळा फेस काठाला थापला जात होता. "आनि तुमी टाकता त्याला बोलता, पानी सोडतो. म्हंजे आमचा सोडना तो टाकना, आनि तुमचा टाकना तो सोडना?"

मागच्या बायकांत कुणीतरी फिस्सकन हसलं. सरपोतदारही हसले. "शब्दाचा प्रश्न आहे, आजी. पुढच्या फलकात दुरुस्त करू." फोटोग्राफरला त्यांनी खुणेने थांबायला सांगितलं.

"वयनी, टाक ना त्यात," धाकू खालच्या आवाजात म्हणाला. "एक वरीस. धक्क्याची खडी आलीय."

"तुजा धक्का तू बांध, धाकूभावजी. होडी लावून पकडशील काय? जांभला फेस?"

 नाथा फलकाला वळसा घालून चिखलात उतरला, दोर सोडला आणि होडी बायकोसमोर आणून उभी केली. ठमाबाई चढली. मालूने चप्पल काठावर ठेवली आणि तीही चढली.

नारळ नेहमी मधल्या धारेत सोडतात. ठमाबाईने होडी नाल्याच्या तोंडाशी घ्यायला सांगितली. नाथाने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि तिकडे वल्हवली. वास असा होता की मालूने तोंडावर ओढणी धरली. ठमाबाईने धरली नाही. तिने दोन्ही हातांनी नारळ पाण्याला टेकवला, जसं तान्हं पाळण्यात ठेवावं, आणि ओठातल्या ओठात काहीतरी म्हणाली.

नारळ फेसात एकदा गिरकी घेऊन डुलू लागला. बघता बघता पाण्याच्या रेषेखालचा सोनेरी रंग उतरला. कागद राखाडी पडला, मग पापुद्र्यासारखा सुटला, आणि नारळ आपल्या उघड्या शेंडीनिशी खाडीकडे वाहू लागला. मालू वाकून बघत राहिली. बाटली तिच्या पिशवीत होती. ती काढायचं तिला सुचलं नाही.

काठावर बॅन्जो पुन्हा वाजला नाही.

दुसऱ्या दिवशी ठमाबाई आपल्या जागेवर बसली. पाटीत नाथाने पहाटे आणलेली बोय होती. त्याच बाई आल्या, कल्ला उघडला.

"धक्क्याची ना?"

"खाडीची," ठमाबाई म्हणाली. "वास येल घासलेटचा. आमी घातलेला नाय तो."

बाईंनी मासा हळूच पाटीत ठेवला, बोटं रुमालाला पुसली आणि पुढच्या कोळणीकडे गेल्या.

ठमाबाईने ओंजळभर पाणी माशांवर शिंपडलं. बोय सरळ करून एकीशेजारी एक मांडली. मग मान वर करून, सासू ओरडायची तशी, तिने बाजारात हाक दिली.

"खाडीची."