गोल टोकाचा वस्तरा

उस्ता बयूमीची उजवी बाजू लुळी पडली त्याला अकरा महिने झाले होते. तेवढ्या काळात त्याची बायको नफूसा जिना उतरून रस्त्यावर आली ती दोनदाच. एकदा डॉक्टरला बोलवायला, एकदा शेजारच्या मयतीला. बाकी सगळं टोपलीवर चालायचं. खिडकीतून दोरीने टोपली खाली सोडायची, भाजीवाल्याने तीत वांगी-कांदे टाकायचे आणि हिने वर ओढून घ्यायचे. दोनच खोल्या. ती स्वयंपाकघरात गेली तरी पलंगावरून हाक यायची, "नफूसा, कुठे गेलीस?"

खोलीखालीच उस्ताचं दुकान होतं. चाळीस वर्षं त्याने अर्ध्या दुमियात शहराच्या दाढ्या केल्या होत्या. आता तिथे त्याच्याच हाताखाली शिकलेला अतीया बसायचा. कात्रीची कचकच आणि गिऱ्हाइकांचं हसणं दिवसभर फरशीतून वर यायचं. अतीया दोनदा जिन्यावर येऊन म्हणाला, "उस्ता, मी करून देतो की दाढी."

"तो माझ्या गळ्याला हात लावणार?" दार लागल्यावर उस्ता करवादला. "मेला चमचा धरतो तसा वस्तरा धरतो."

दाढी वाढत वाढत छातीला टेकली. जेवताना तीत शिजलेल्या बाकला-शेंगांचे दाणे अडकायचे. कोणी भेटायला आलं की झोपलाय म्हणून सांग, असा त्याचा हुकूम. पुढे पुढे कोणी येईनासंच झालं.

एका सकाळी दाढीत अडकलेलं चीज नफूसा पुसत होती. उस्ताने तिचा हात बाजूला सारला. "काढून टाक हे सगळं. तूच काढ."

नफूसा त्याच्या वस्तऱ्यांच्या पेटीकडे वळली.

"त्यांना शिवू नकोस! त्यांना माझ्या हाताची सवय आहे. तू पडलीस डावखुरी. तुझा तू वेगळा आण. आणि चामोटीही आण, रोज वस्तरा घासायला."

"सुऱ्या-कात्र्या विकणाऱ्या हाजी शलबीला टोपलीत टाकायला सांगू?"

"वस्तरा म्हणजे वांगं आहे का टोपलीत टाकायला? हातात धरून बघावा लागतो." बोलून गेल्यावर आपणच तिला बाहेर पाठवतोय हे त्याच्या ध्यानात आलं. "जा मग. दुपारच्या अजानच्या आत घरी पाहिजेस."

गल्लीत सुतारांच्या दुकानांतून रंधे चालले होते, पॉलिशचा वास सुटला होता. नफूसाला चालता चालता धाप लागली, पण ती थांबली नाही. हाजी शलबीच्या सुऱ्या-कात्र्यांच्या दुकानात तिने पांढऱ्या मुठीचा, सगळ्यांत चकचकीत वस्तरा उचलला आणि जाडजूड चामड्याचा एक पट्टा घेतला.

उस्ताने डाव्या हाताने वस्तरा उघडला. "हे टोक बघितलंस? चौकोनी. शिकाऊ हातात हे टोक म्हणजे माझ्या कानाची पाळी गेलीच म्हणून समज. गोल टोकाचा आण. पातं फार रुंद नको, फार चिंचोळं नको, आणि दोन्ही बाजूंनी पोटात खोलगट घासलेलं हवं. आणि ही काय चामोटी आहे? उंटाचं खोगीर आहे हे! मऊ म्हशीचं चामडं माग. स्वस्तातलं बघ. पहिली चामोटी तू कापणारच."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. हाजीने गोल टोकाचे दोन वस्तरे काढले आणि काउंटरच्या काचेवर आडवे ठेवले. "बघा, बाई. हा काचेला सपाट चिकटलाय. हा मात्र होडीसारखा डुलतोय, म्हणजे पातं वाकडं आहे. माझंच दुकान आहे, पण खरं ते सांगतो."

नफूसाला कळलं. अगदी नीट कळलं. तिने डुलणारा उचलला.

"अहो, तो नव्हे!"

"असू दे. हाच द्या."

चामोटी ती विसरलीच, की विसरायचं होतं म्हणून विसरली कोण जाणे. घरी जाताना ती नदीकाठाने लांबचा रस्ता धरून गेली. माशांच्या होड्या रिकाम्या होत होत्या. कोणीतरी "सरका मावशी" म्हणून ओरडलं आणि तिला हसू फुटलं.

उस्ताने तो वस्तरा जेवणाच्या ताटावर ठेवला. तो डुलला.

"काचेवर ठेवून बघितला नाहीस?"

"राहिलं."

"शलबीने सांगितलं नाही?"

नफूसा कांदा चिरत राहिली. उस्ता तिच्या पाठीकडे बघत होता ते तिला न वळताही कळत होतं. शेवटी तो म्हणाला, "बरं. उद्या जा."

तिसऱ्या दिवशी तिने सपाट बसणारा वस्तरा घेतला आणि बोटांत दुमडेल अशी मऊ चामोटी. आता कसलीच खोट काढता येणार नव्हती. परतताना तिचा पाय एकेका पायरीवर अडखळत होता.

मग शिकवणी सुरू झाली. चामोटी खिडकीच्या कडीला अडकवायची, ताणून धरायची, वस्तऱ्याची पाठ पुढे आणि धार मागे ठेवून ओढायचा, वळवताना पाठीवरच वळवायचा. पहिल्याच दिवशी तिने चामोटीला खाच पाडली. "सांगितलं होतं ना," उस्ता म्हणाला. त्याला आनंद झालेला दिसला. शिकवणीच्या तिसऱ्या दिवशी त्याने डाव्या हातात वस्तरा घेऊन आपल्या लुळ्या उजव्या हातावरची लव काढून बघितली. रक्ताची रेघ उमटली तरी त्याला पत्ता नव्हता.

"अहो, कापलं तुम्हाला."

त्याने हाताकडे बघितलं, जणू दुसऱ्या कोणाचा असावा तसं. "धार लागलीय," एवढंच म्हणाला.

आधी कात्रीने दाढी उतरवली, मग साबणाचा फेस केला. नफूसाने त्याची कातडी अंगठ्याने ताणली आणि डावा गाल वरून खाली हळूहळू घासत आणला. एक ओरखडाही उठला नाही. अकरा महिन्यांनी नवऱ्याचा गाल दिसला, पांढराफटक आणि आत गेलेला.

उस्ताने बोटांनी चाचपून बघितलं. "वा. अतीयापेक्षा बरा हात आहे तुझा. चला, सुटलो. आता तुला कुठे जायची गरज नाही. दिवसाआड करत जा."

नफूसाचा हात थांबला. तिने वस्तरा पुसला, मिटला आणि कोनाड्यात ठेवला. बाहेर जाताना पांघरायची काळी मिलाया अंगावर घेतली.

"अगं, हे काय? दुसरी बाजू?"

"बहिणीकडे चाललेय. तिच्या लेकीला बाळ झालंय, पाच महिन्यांचं झालं ते. मी अजून बघितलं नाही."

"अशा तोंडाने मला टाकून? नफूसा! ए नफूसा!"

हाका जिन्यात घुमल्या. दुकानातली कात्री थांबली. नफूसा मान खाली घालून पुढे गेली.

बहिणीने, सनीयाने, जिलेबीसारखी मशब्बक पुढे ठेवली, बाळ मांडीवर दिलं. बाळाने तिचं बोट घट्ट धरलं. पण तिच्या डोळ्यांपुढे उस्ताच्या गालावर वाळत चाललेला फेस होता. हात तोंडापर्यंत जाईना. "बस ना जरा," सनीया म्हणाली. "बसलेय की," ती म्हणाली, आणि उठली.

ती परतली तेव्हा फरशीवर पाणी सांडलं होतं. उस्ताने एका हाताने तोंड धुऊन घेतलं होतं. गादीही भिजली होती. अर्ध्या दाढीचं तोंड त्याने भिंतीकडे वळवलं.

तिने गादी बदलली, पुन्हा फेस केला, वस्तरा चामोटीवर फिरवला. उजवा गाल निम्मा झाला तेव्हा तो भिंतीशी बोलावं तसं म्हणाला, "तो वाकडा वस्तरा. तुला माहीत होतं."

"हो."

"मला वाटलंच." मग म्हणाला, "कुठला वार हवाय तुला?"

"सोमवार."

"आणि माझ्यापाशी कोण बसणार?"

"अतीया. सोमवारी त्याचं दुकान बंद असतं. येताना त्याला विचारून आलेय."

"तो गाढव चमचा धरतो तसा..."

"मग शिकवा त्याला नीट धरायला. हलू नका, गळा आहे."

तो हलला नाही.

सोमवारी अतीया वर आला, हातात टोपी घेऊन, पोरासारखा दारात उभा राहिला. नफूसा तासभर बाहेर जाऊन आली. आठवड्याचे उरलेले सहा दिवस भाजी टोपलीतूनच वर येत राहिली.