कडीपाशी थांबलेला हात

मालिकांचे भाग प्रक्षेपणाआधी चकतीवर उतरवून वृत्तपत्रांकडे पाठवण्याची पद्धत ज्या काळी होती, त्या काळातल्या एका हिवाळ्यात, एका निर्मितीसंस्थेच्या तिसऱ्या मजल्यावरील प्रती काढण्याच्या खोलीत, सकाळच्या पाळीला माझा जन्म झाला. मित्रांनो, मी एक जुनी चकती आहे. तुमच्यापैकी ज्यांनी माझ्यासारखी पाहिली असेल त्यांनी ती बहुधा खिडकीला दोऱ्याने टांगलेली पाहिली असेल, पाखरे हाकलण्यासाठी. माझ्या कित्येक बहिणींची अखेर तशीच झाली. माझी झाली नाही, आणि त्याला कारण आहे.

मला घडवणाऱ्या बाईंना सारी संस्था ताई म्हणे. यंत्रांसाठी ती खोली सदैव थंड ठेवलेली असे, म्हणून ताई खांद्यावर शाल घेऊन काम करीत. प्रत्येक प्रतीच्या चित्रात, खालच्या कोपऱ्यात, त्या एक आकडा उमटवीत. ज्याच्या नावाची प्रत त्याचा आकडा. प्रत चोरीला गेली तर ती कोणाकडून गेली हे त्यावरून कळावे. मला त्यांनी कडेने धरले, उजेडात फिरवून पाहिले, पाकिटात घातले आणि म्हणाल्या, "जा बाई, नीट जा. आणि नीट परत ये."

माझ्यावर एका मालिकेचा अखेरचा भाग होता. एका आईने थोरल्या मुलाला घराबाहेर काढले आहे. शेवटच्या दृश्यात तो दारात येऊन उभा राहतो. ती कडी काढील की नाही, या एका प्रश्नावर लोक कित्येक महिने वाद घालत होते. उत्तर माझ्या अंगावर कोरलेले होते; पण मी अपुरी होते. त्या दृश्याचे पार्श्वसंगीत अजून तयार व्हायचे होते. मी पाहायची होते ती केवळ समीक्षकांनी, आणि तीही अपुरेपण जाणून.

माझे समीक्षक अत्यंत काटेकोर गृहस्थ होते. कोणी 'साधारणपणे' म्हटले की ते 'म्हणजे नक्की किती?' असे विचारीत. मला त्यांनी कपाटात कुलूपबंद केले आणि किल्ली चष्म्याच्या घरात ठेवली.

"अहो, एवढंच सांगा," त्यांच्या पत्नी दाराशी येऊन म्हणाल्या, "ती कडी काढते की नाही?"

"अगं, मी शब्द दिलाय."

"मग मी काय पेपरात छापणार आहे?"

"एकाला सांगितलं की ते सांगितलंच. त्यात कमी-जास्त नसतं."

"संसाराला मी चालते, कडी सांगायला चालत नाही," असे पुटपुटत त्या आत गेल्या. आणि समीक्षकांनी खोलीचे दार लावून घेतले.

मित्रांनो, इथवर माझ्या रक्षणात काही उणे नव्हते. पण त्याच दुपारी, मी यंत्रात फिरत असताना, यंत्राने मला मधेच जबड्यात धरले. माझ्या अंगावर एक बारीक ओरखडा उठला. समीक्षकांनी बटणे दाबली, यंत्र कलते केले, पेन्सिलीचे टोक घालून पाहिले. मी बाहेर येईना. परीक्षण तर लिहून द्यायचे होते. अखेर मी ज्याच्या पोटात होते त्या यंत्रासकट त्यांनी मला चादरीत गुंडाळले आणि कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात नेले.

दुकानदाराला सारा मोहल्ला डॉक्टर म्हणे.

"या साहेब! पेशंटला काय झालं?"

"आत चकती अडकली आहे."

"म्हणजे घशात घास. ठेवून जा, संध्याकाळी डिस्चार्ज."

"आत्ता, माझ्यासमोर नाही का होणार?"

"होईल की! बसा. स्टुलावरचा तो पंखा तेवढा खाली ठेवा."

समीक्षकांनी स्टुलाकडे पाहिले. त्यावर तेलाचा थर होता. मी कोण आहे हे त्याला सांगावे काय, याचा त्यांनी उभ्या उभ्या विचार केला. सांगितले तर कुतूहल जागे होईल. न सांगितले तर तो मला चारचौघींसारखी चकती समजेल. तस्मात् न सांगणेच श्रेयस्कर. युक्तिवाद त्यांना निर्दोष वाटला. ते घरी गेले.

आणि डॉक्टरांनी मला खरोखरच चारचौघींसारखी समजले. त्यांची कामाची एक रीत होती. चित्र दाखवणारे यंत्र आणि चित्र नोंदवणारे यंत्र एकाच वेळी दुरुस्त झाले की दोन्ही वायरने जोडायचे, हाताशी असेल ती चकती एकात लावायची आणि दुसऱ्यात कोरी. एकाचे दाखवणे तपासले जाई, दुसऱ्याचे नोंदवणे. "दोन पेशंट, एकच तपासणी," ते स्वतःशीच म्हणाले आणि पाठ फिरवून एका रेडिओच्या सुटलेल्या तारेला डाख देत बसले. पडद्याकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. मी फिरत होते, आणि पलीकडे माझी प्रत उतरत होती. मला ओरडता आले असते तर! पण आम्हा चकत्यांना अंगावर जे कोरलेले असते तेवढेच बोलता येते.

मी संध्याकाळी घरी आले. ती दुसरी प्रत मात्र दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या यंत्रातच राहून त्याच्या घरी गेली. त्याने ती कुतूहलाने पाहिली, मेहुण्याला दिली. मेहुण्याने आणखी कोणाला. थोड्याच दिवसांत ती पदपथावर, मोज्यांच्या आणि कंगव्यांच्या शेजारी, ढिगाने विकली जाऊ लागली. कोपऱ्यात आकडा तसाच होता, माझ्या समीक्षकांचा.

संस्थेच्या संचालकांनी त्यांना बोलावून घेतले. ते मला पुरावा म्हणून पिशवीतून घेऊन गेले. ताईही तेथे उभ्या होत्या.

"ही माझी प्रत," समीक्षक म्हणाले. "कुलपात होती, कुलपातच आहे. माझ्या पत्नीनंसुद्धा पाहिलेली नाही. माझ्या आकड्याची दुसरी प्रत निघाली असेल तर ती जिथं आकडे घालतात तिथूनच निघणार. दुसरी शक्यता असली तर सांगा."

"मी एका आकड्याची एकच प्रत काढते, साहेब," ताई म्हणाल्या.

"असं तुम्ही म्हणता. पुरावा?"

ताईंपाशी पुरावा नव्हता. चौकशी पुरी होईपर्यंत त्यांनी घरी थांबावे, असे ठरले. त्यांनी खोलीची किल्ली टेबलावर ठेवली, शाल घडी करून हातावर घेतली आणि कोणाकडे न पाहता त्या गेल्या. समीक्षक खोटे बोलत नव्हते, मित्रांनो. ते मनापासून बोलत होते, आणि म्हणूनच त्यांचे बोलणे इतके पक्के वाटले.

प्रक्षेपण दोन दिवसांवर आले तेव्हाची गोष्ट. समीक्षक टेबलाशी होते, मी कपाटात. पत्नी आत आल्या.

"सांगू नका आता. कळलं मला."

"काय कळलं?"

"कडी काढते ती. शेजारच्या वहिनींकडे पाहिलं. माझं काही चुकलं असेल तर असो. पण सगळी आळी पाहून बसलीय. खरं सांगू का, शेवट कोरडाच वाटला. काही वाजत नाही, काही नाही. आणि तो हात!"

"कोणता हात?"

"अहो, ती कडीकडे हात नेते आणि चित्र जे थांबतं, ते हलतच नाही. वहिनी म्हणाल्या, ही बाई आज उघडते की उद्या?"

समीक्षकांनी पेन्सिल खाली ठेवली.

"पुन्हा सांग. नक्की कुठं थांबतं?"

"सांगितलं की. बोटं कडीला टेकायच्या अगदी आधी."

ते उठले. त्यांनी मला बाहेर काढून यंत्रात घातले. दुरुस्तीनंतर त्यांनी मला पाहिले होते, तेव्हाही मी याच ठिकाणी अडखळले होते आणि ते नुसते चुकचुकले होते. आताही आईचा हात वर गेला आणि कडीपाशी थिजला. तो माझ्या ओरखड्याचा प्रताप होता. ताईंच्या हातून मी निघाले तेव्हा माझ्या अंगावर ओरखडा नव्हता. म्हणजे ती चोरटी प्रत मी अडकल्यानंतर माझ्यावरूनच निघाली होती. आणि अडकल्यानंतर मी या घराबाहेर एकाच ठिकाणी गेले होते.

हे जाणणारी त्या खोलीत दोघेच होती, ते आणि मी. मी बोलणारी नव्हते. ते गप्प राहिले असते तर जगात कोणालाही पत्ता लागला नसता. पडद्यावरचा हात सुटला, कडी निघाली, चित्र संपले, तरी ते तसेच उभे होते.

"जेवायला येताय ना?" पत्नींनी विचारले.

"तू बसून घे. मी आलोच."

डॉक्टर दुकान आवरत होते.

"माझं यंत्र तुम्ही दुसऱ्या यंत्राला वायरनं जोडून तपासलं होतंत का?"

"अलबत!" डॉक्टर अभिमानाने म्हणाले. "तपासल्याशिवाय पेशंट घरी पाठवत नाही मी."

दुसऱ्या दिवशी संचालकांच्या खोलीत दोन पडदे शेजारी शेजारी लावले गेले. एकात मी, दुसऱ्यात पदपथावरची प्रत. दोन हात एकदमच वर गेले, आणि दोन्ही कडीपाशी थांबले. बोलावून आणलेल्या ताई दाराशी उभ्या होत्या. समीक्षक त्यांच्याकडे वळून म्हणाले, "मी तुमच्यावर आळ घेतला. तो खोटा होता." त्यापुढे त्यांनी एकही युक्तिवाद केला नाही. ताईंना किल्ली परत मिळाली, आणि प्रती पाठवण्याच्या यादीतून समीक्षकांचे नाव गेले.

प्रक्षेपणाच्या दिवशी तो हात न अडखळता कडीकडे गेला, आणि त्यामागे संगीतकाराने रचलेले सूर वाजले. ते ऐकायला फार थोडे लोक उरले होते. बाकीच्यांनी मालिकेचा शेवट आधीच पाहून, कोरडा ठरवून, विसरूनही टाकला होता.

आता मी ताईंच्या खणात असते. नव्या प्रती तारेवरून, संकेतशब्द लावून जातात. माझ्यासारखीला कोणी विचारीत नाही. मित्रांनो, तुमच्या हाती एखाद्याचे अपुरे काम विश्वासाने आले, तर त्याला केवळ चोरापासून जपू नका. ज्या साध्या, भल्या, रोजच्या हातांत तुम्ही ते निश्चिंतपणे ठेवून येता, तेथेही त्याची पाठ सोडू नका.

दोन पडदे लावले होते त्या दिवशी निघताना समीक्षक ताईंपाशी थांबले होते. मी ताईंच्याच हातात होते.

"मला एक समजत नाही," ते हळू म्हणाले. "कुलूप लावलं होतं. घरात कुणाला दाखवली नाही. कुणाला सांगितलं नाही. ती अडकली, त्याला मी काय करणार? माझं नक्की चुकलं कुठं?"

ताईंनी माझ्यावरचा ओरखडा अंगठ्याने चाचपला, मला पाकिटात घातले आणि म्हणाल्या,

"अडकली होती, तर तिथं स्टुलावर बसून राहायचं होतं."