कुणकेश्वराला गेलेली खुर्ची

मित्रांनो, मी सागवानी लाकडाची, वेताच्या बैठकीची एक जुनी खुर्ची आहे. माझा उजवा हात थोडा सैल झाला आहे. मागच्या पायाखाली चपटा दगड सरकवल्याशिवाय मी सरळ उभी राहत नाही. पण मला कुणी विचारलं, की बाई गं, तुझं आयुष्य कसं गेलं, तर मी म्हणेन, चांगलं गेलं. मी समुद्र पाहिला आहे.

माझा जन्म कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत, आकाराम मिस्त्रींच्या दुकानात झाला. शेजारी तालीम होती. अंगाला लाल माती लागलेले पैलवान दाराशी उभे राहून मिस्त्रींचा रंधा बघत. मिस्त्रींनी माझे हात मुद्दाम रुंद ठेवले, पाठ जराशी मागे कलती केली आणि आठवडाभर मला घासून गुळगुळीत केलं. राधानगरीच्या रस्त्यावरच्या एका गावातून सयाजीराव नावाचे शेतकरी आले, माझ्यावर बसले, उठले, पुन्हा बसले आणि मला बैलगाडीत घालून घेऊन गेले. ते साल एकोणीसशे साठ असावं.

सयाजीरावांच्या घरात दोन बायका होत्या. थोरल्या धोंडुबाई, त्यांना सगळं गाव आक्का म्हणे. धाकट्या झुंबरबाई. आक्कांना मूल झालं नाही म्हणून सयाजीरावांनी दुसरं लग्न केलं होतं. झुंबरबाईंना एक मुलगा झाला, हंबीर. मी त्या घरात आले तेव्हा तो बारा वर्षांचा होता.

दोघी सवती कधी भांडल्या नाहीत, पण बोलतही नसत. मीठ कुठं आहे, म्हशीला पाणी दाखवलं का, एवढंच. माझ्यावर फक्त सयाजीराव बसत. बायकांनी खुर्चीवर बसायचं नाही असा नियम कुणी केला नव्हता, तरी त्या दोघी मला पुसून जमिनीवरच बसत.

त्याच पावसाळ्यात हंबीरला मोठा ताप आला. मला त्याच्या अंथरुणाशी नेऊन ठेवलं होतं, म्हणून मी पाहिलं ते सांगते. आक्का पेजेची वाटी घेऊन दाराशी आल्या. झुंबरबाईंनी ती वाटी त्यांच्या हातून घेतली आणि दार लोटून घेतलं. मूल नसलेल्या बाईची नजर लागेल, अशी त्यांना भीती होती. सयाजीराव खाली मान घालून बसले. दाराबाहेर आक्कांची पावलं बराच वेळ हलली नाहीत. पोरगं बरं झालं. पण त्या दाराचा विषय दोघींनी पुढं कित्येक वर्षं काढला नाही.

वर्षं गेली. सयाजीराव वारले आणि मला माळ्यावर बियाण्याच्या पोत्यांशेजारी टाकण्यात आलं. उंदरांनी माझी बैठक कुरतडली. माझ्या अंगावर धूळ बसली. घरात हंबीररावांचं लग्न झालं, वाजंत्री मी वरूनच ऐकली. मग एकदा ओल्या गोठ्यात आक्का घसरून पडल्या आणि त्यांच्या कमरेचं हाड मोडलं. त्यातून त्या उठल्या, पण काठी धरून परसदारापर्यंत जाण्याइतक्याच.

एके दिवशी त्यांनी हंबीररावांना सांगितलं, की मला कोकणात कुणकेश्वराला न्या. समुद्राच्या काठावर महादेवाचं फार जुनं देऊळ आहे, तिथं जायचं आहे. सगळे चकित झाले. त्या गगनबावड्याच्या पलीकडे कधी गेल्या नव्हत्या. झुंबरबाई म्हणाल्या, की उसाची तोड चालू आहे, अशात हे काय नवीन. आक्कांनी कारण सांगितलं नाही. पण आयुष्यात त्यांनी पहिल्यांदाच काही मागितलं होतं, म्हणून हंबीरराव तयार झाले.

मला माळ्यावरून उतरवलं. नवा वेत विणला. हातांखाली दोन वेळूचे दांडे बांधून माझी डोली केली. हंबीररावांच्या दोस्ताचा गुळाचा ट्रक देवगडला जायचा होता, त्यात शिवरात्रीची गर्दी ओसरल्यावर आम्ही निघालो. आक्का माझ्यावर बसल्या, तेव्हा त्यांनी आधी पदरानं माझी पाठ पुसली. झुंबरबाई घरी थांबणार होत्या. ऐन वेळी, आक्कांचं बघायला कुणीतरी बाईमाणूस हवं, म्हणून त्या गाडीत चढल्या. दाजीपूरच्या जंगलातून, फोंड्याच्या घाटातून ट्रक उतरला. वाटेत दोघी चार शब्दही बोलल्या नाहीत.

मित्रांनो, समुद्र मला आधी ऐकू आला. राधानगरीला धरणाचं पाणी सुटतं तसा आवाज, पण न थांबणारा. मग पांढरी वाळू दिसली, आणि पाण्याच्या अगदी जवळ काळ्या दगडाचं उंच देऊळ. लाटांच्या खाऱ्या वाऱ्यात ते किती शतकं उभं आहे कोण जाणे. हंबीरराव, ट्रकचा ड्रायव्हर आणि तिथल्या गावातले दोघे अशा चौघांनी मला खांद्यावर घेतलं आणि पायऱ्यांपाशी आणलं.

तिथं आक्का म्हणाल्या, "खाली ठेवा मला."

पुजारी भला माणूस होता. खुर्ची सभामंडपापर्यंत आणा, काही हरकत नाही, असं तो म्हणाला. हंबीररावांनी आक्कांना उचलून न्यायची तयारी दाखवली. आक्कांनी मान हलवली. पायानं चढून येईन असं त्या देवाला बोलल्या होत्या. काठी टेकून त्या उठल्या, पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि पुन्हा माझ्यावर कोसळल्या. दुसऱ्यांदा तसंच झालं. तिसऱ्यांदा त्यांना उठताही येईना. त्यांचे डोळे भरून आले. इतक्या लांब येऊन देव दहा हातांवर राहिला होता.

झुंबरबाई पुढं आल्या. त्यांच्या आवाजात राग होता. "एवढं काय बोलला हुता देवाला, आक्का?"

आक्का समुद्राकडे बघत म्हणाल्या, "तू घरात यायच्या आदी नवस केलता. म्हटलं, आमच्या घरात पोरगं रांगू दे, तुझ्या पायऱ्या चढून यीन."

"आन् मग?"

"मग हंबीर झाला की."

झुंबरबाईंना काही कळेना. "त्यो तर मला झाला."

"मी घरात मागितलं हुतं. कुनाच्या कुशीत, त्ये कुटं बोललोतो?"

झुंबरबाईंनी हळू आवाजात विचारलं, की इतकी वर्षं सांगितलं का नाही.

"सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, पोरावर हक्क सांगतिया," आक्का म्हणाल्या. "तू दार लावलंस, तवा बी वाटलं सांगावं. पर पोरगं तापलं हुतं. म्हटलं, तुजं भ्या आनखी वाढवाय नगो."

झुंबरबाई मटकन वाळूत बसल्या. त्यांनी आक्कांचे पाय धरले. आक्कांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. हंबीरराव तोंड फिरवून समुद्राकडे बघत उभे राहिले.

मग झुंबरबाई उठल्या. पदर खोचला, आक्कांचा हात आपल्या मानेभोवती घेतला आणि म्हणाल्या, "चला. नवस दोघींचा हाय."

त्या एकेक पायरी चढल्या. आक्का पाय टेकवत होत्या आणि झुंबरबाई भार पेलत होत्या. मध्येच थांबत, श्वास घेत, पुन्हा चढत. मी खालीच होते, त्यामुळे आत काय झालं ते मला दिसलं नाही. घंटा वाजलेली तेवढी ऐकली. परत आल्या तेव्हा दोघींच्या कपाळाला भस्म होतं.

आक्का म्हणाल्या, आता तू बस, दमलीस. झुंबरबाई नको नको म्हणत शेवटी बसल्या. त्या घरात येऊन तीस वर्षं झाली असतील. त्या पहिल्यांदाच खुर्चीवर टेकत होत्या. आक्का माझ्या रुंद हातावर रेलल्या. भरतीचं पाणी आलं आणि माझे पाय भिजले. दोघी मुलींसारख्या हसल्या.

गावी परतल्यावर मला कुणी माळ्यावर टाकलं नाही. घराच्या पुढच्या सोप्यात उन्हाच्या तिरिपेला मी असे आणि दोघी आळीपाळीनं माझ्यावर बसत. शेंगा फोडताना त्यांच्या गप्पा संपत नसत. गावातल्या बायका नवल करत.

दोन वर्षांनी हंबीररावांना मुलगी झाली. सुईणीनं बाळ गुंडाळून बाहेर आणलं आणि झुंबरबाईंच्या हातात दिलं. तेव्हा आक्का माझ्यावर बसल्या होत्या. झुंबरबाईंनी स्वतः बाळाचं तोंडही नीट पाहिलं नाही. सरळ येऊन त्यांनी ते आक्कांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "आदी तुमी घ्या." आक्कांनी बाळाला पदरात घेतलं आणि त्याच्या कपाळाला कपाळ टेकवलं.

आज आक्का नाहीत, झुंबरबाईही नाहीत. हंबीररावांनी मला गावच्या दूध डेअरीला दिलं, आता मी तिथंच असते. पहाटे किटल्या घेऊन येणाऱ्या बायका माझ्यावर घटकाभर टेकतात. मित्रांनो, जुन्या खुर्चीचा एखादा खिळा सैल झाला तर ठोकून घ्या, तिला पावसात टाकू नका. ती तुमचा भार पुष्कळ वर्षं वाहील. आणि तुमच्या घरात कुणी वर्षानुवर्षं गप्प बसून असेल, तर त्यांच्याजवळ जाऊन बसा. काय मागितलं होतं, ते एकदा विचारा. माझ्यासारख्या लाकडाला विचारता येत नाही. तुम्हाला येतं.