चौकोन जुळलाच पाहिजे

मुलांना कोडिंगची गोडी लावायला मी शाळाशाळांतून फिरते आणि दर वेळी डोकं फिरवून घेऊन घरी येते. कंपनी आम्हाला निळे टी-शर्ट देते, एक तास देते आणि शेवटी हसऱ्या मुलांचे फोटो मागते. तेवढ्यात मुलांना वेड लागलं पाहिजे, अशी वरच्यांची अपेक्षा. वेड लागतंही. मुलांचं कधीच काही चुकत नाही. चुकतं ते मोठ्यांचं, आणि इतक्या शिस्तीत चुकतं की कुणाच्या लक्षातही येत नाही.

या वर्षी मात्र मी मनापासून खूश होते. कारण प्रत्येक शाळेतल्या एका मुलाला आमच्या ऑफिसात वर्षभर दर शनिवारी शिकायला मिळणार होतं. कॉम्प्युटर पूर्णवेळ त्याच्या एकट्याच्या हातात. मूल निवडायचं आम्ही, शाळेची संमती घेऊन. पहिलीच शाळा निघाली माझ्या नणंदेची. ती तिथे मुख्याध्यापिका. नवऱ्याने सकाळीच बजावलं होतं, "ताईसमोर जरा तोंड सांभाळ."

मी सांभाळणार होते. अगदी ठरवलं होतं.

कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागल्या. आत प्रत्येक मशीनवर फुलाफुलांचं शिवून घेतलेलं कव्हर, पाहुण्यांसाठी राखलेल्या अंथरुणावर असतं तसं. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या सरांनी टाळी वाजवली, मुलांनी एका दमात कव्हरं काढून घड्या केल्या. दुसरी टाळी वाजली आणि सगळी मुलं एका सुरात म्हणू लागली, "पुढे शंभर, उजवीकडे नव्वद, असं चार वेळा." म्हणत म्हणत टाइप केलं, आणि सगळ्या पडद्यांवर, सांगू तसं रेघ ओढत चालणाऱ्या चित्रातल्या कासवाने एकसारखे चौकोन काढले.

"तोंडपाठ आहे सगळ्यांना," सर अभिमानाने म्हणाले. "एकाचाही चौकोन चुकायचा नाही."

मी मुलांना म्हटलं, "छान. आता यातला एखादा आकडा बदला बघू. काय होतं ते पाहू या."

कुणी हललं नाही. मुलांनी सरांकडे पाहिलं, सरांनी माझ्याकडे, आणि मी मूर्खासारखी हसत राहिले. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीचा हात कीबोर्डवर गेला. दोन वेण्या, त्यातली एक सुटलेली. तिने नव्वदचे एक्क्याण्णव केले. चौकोनाचं शेवटचं टोक पहिल्याला जुळलं नाही, जरासं बाजूला गेलं. ती त्या फटीकडे बघत राहिली.

"हे कधी जुळेल?" तिने विचारलं. मला नाही, पडद्यालाच.

मग तिने चारच्या जागी चारशे घातले. कासव सुटलं. चौकोनावर चौकोन, प्रत्येक किंचित वळलेला, बघता बघता पडद्यावर एक जाळीदार चक्र उभं राहिलं. शेजारचा मुलगा खुर्चीवर उभा राहिला. मागची रांग पुढे आली. त्या खोलीत पहिल्यांदा गलका झाला आणि माझ्या अंगावर काटा आला. खरंच आला. याच्यासाठीच तर मी तो भयंकर टी-शर्ट घालून हिंडते.

सरांनी येऊन भिंतीवरचं बटण बंद केलं. चक्र गेलं.

"हिचं नाव आम्ही उचापती ठेवलंय," ते मला समजावत म्हणाले, आणि तिला म्हणाले, "मशीन बिघडलं असतं म्हणजे? ऊठ. बाहेर उभी राहा."

ती गेली. मी म्हटलं, "सर, तिने काही बिघडवलेलं नाही." ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही आज आहात, आम्ही रोज आहोत." तळपायाची आग मस्तकात गेली, पण समोर मुलं होती. मी ब्र काढला नाही.

तो ब्र मी नणंदेच्या केबिनमध्ये काढला.

"ताई, शनिवारची जागा त्या मुलीला."

"अगं, कसं शक्य आहे? तिला परीक्षेत दहापैकी चार आहेत."

"कसली परीक्षा?"

"प्रोग्रॅमिंगची. लेखी. चौकोनाचा प्रोग्रॅम कागदावर लिहायचा असतो."

"कागदावर?"

"मग? वीस मशीन आणि चारशे मुलं. एक बंद पडलं तर दुरुस्त करायला दोन-दोन वर्षं कुणी फिरकत नाही. तू येतेस तासभर, फोटो काढून जातेस. पालकांना तोंड मी देते."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच माझा संताप आणखी वाढला. "ताई, मला कंपनी पगार देते तो दिवसभर चुकायचा आणि ते निस्तरायचा. तुम्ही पोरांना न चुकायला शिकवताय. अहो, तिने कुणाचं काय घोडं मारलंय? वर्षभरात तुमच्या त्या खोलीत एक प्रश्न विचारला गेला, तो तिने विचारला. आणि ती आत्ता व्हरांड्यात उभी आहे."

"आवाज खाली कर. ही शाळा आहे."

"तीच आली पाहिजे. नाहीतर या शाळेतून मी कुणालाच घेणार नाही."

नणंदेने पेपरवेट बाजूला सारला. मग म्हणाली, "ठीक आहे. पण सरांचाही मान राहिला पाहिजे. तिने त्यांची माफी मागायची आणि पुन्हा असं करणार नाही म्हणून शब्द द्यायचा. मग पाठवते."

मला एवढंच ऐकू आलं की पाठवते. माझा जीव भांड्यात पडला. माफीचं काय एवढं, दोन शब्द तर आहेत, असं म्हणून मी मान डोलावली, आणि रात्री नवऱ्याला शेखी मिरवत सगळं सांगितलं.

पहिल्या शनिवारी ती आईचं बोट धरून आली. दोन्ही वेण्या घट्ट बांधलेल्या. दहा शाळांची दहा मुलं, दहा मशीन. मी म्हटलं, "आज काही शिकवत नाही. हवा तो गोंधळ घाला." पाचच मिनिटांत कुणाचं कासव पडद्याबाहेर पळालं, कुणाचं जागीच गरगरत होतं.

तिच्या पडद्यावर चौकोन होता. नेटका, चारही कोपरे जुळलेले. हात मांडीवर.

"ते चक्र काढ ना," मी म्हटलं.

"नको."

"का गं?"

"मी शब्द दिलाय. सगळ्या वर्गासमोर. तो दिला म्हणूनच मला पाठवलं. आई म्हणाली, आता जागा घालवू नकोस."

"अगं, तो शाळेपुरता होता. इथे कुणी रागावत नाही."

ती नुसती मान हलवत राहिली. मला नणंदेचा राग आला, सरांचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. मी वाकून तिच्या नव्वदचे एक्क्याण्णव केले आणि बटण दाबलं. कासव चालू लागलं, टोक जुळलं नाही.

तिने पटकन दाराकडे पाहिलं. मग एकाचं शून्य केलं, चौकोन पुन्हा जुळवला, आणि माझी समजूत घालत हलक्या आवाजात म्हणाली, "असू दे, मॅडम. मी कुणाला सांगणार नाही."