चौदा नंबरचा हेडफोन

विभागातली सगळी पोरं मला मावशी म्हणतात. जिची मी सख्खी मावशी, ती तेवढी 'मॅडम' म्हणायची. आमचं तसं ठरलंच होतं. ताईची मुलगी आमच्याच परदेशी भाषा विभागात शिकते आणि तिची श्रवण-परीक्षा मीच घेते, हे कुणाला कळलं असतं तर तिच्या एकेका मार्काला माझा वास आला असता. म्हणून तीन वर्षं जिन्यात समोरासमोर आलो तरी ती मान खाली घालून जायची आणि मी पर्समध्ये उगाच किल्ल्या शोधायची.

माझं काम भाषा-प्रयोगशाळेत. चोवीस टेबलं, चोवीस हेडफोन आणि पुढे काचेच्या खोलीत मी. मी बटण दाबलं की तिकडच्या देशातली एक बाई चोवीस जणांच्या कानात बोलायला लागते. परीक्षेत रेकॉर्डिंग दोनदा वाजतं. तिसऱ्यांदा नाही, कुणी रडलं तरी नाही.

त्यातल्या चौदा नंबरच्या हेडफोनची वायर मुळाशी तुटत आली होती. हलवली की आवाज यायचा, सोडली की जायचा. वर्षभरात मी चार अर्ज दिले. विभागप्रमुखांनी चारही अर्जांवर 'पाहू' असं लिहून सही केली. सरांचं अक्षर मात्र सुंदर आहे.

त्या गुरुवारच्या पेपरावर आमच्या मुलीचं सगळं अडलं होतं. त्या देशात वर्षभर शिकायला जायची जागा एकच. बाकीच्या पेपरांत ती पहिली होती. श्रवणाच्या वीस प्रश्नांपैकी चौदा बरोबर आले की जागा तिचीच. हे तिलाही माहीत होतं, मलाही आणि मार्कांत तिच्या पाठोपाठ असलेल्या उंच मुलीलाही.

नेमकी ती उंच मुलगीच चौदा नंबरला आली.

"मावशी, ह्याच्यात खरखर येतेय हो. मी इथे बसणार नाही. वर तक्रार करीन."

मी वायर हलवून पाहिली. आवाज आला. आता हिच्या जागी कुणाला बसवायचं? जागा तर एकही रिकामी नाही. आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात ते प्रामाणिकपणाचं भूत शिरलं. दुसऱ्या कुणाच्या लेकराला का म्हणून त्रास? उद्या कळलं तर लोक म्हणतील, बघा, स्वतःच्या भाचीला चांगला हेडफोन दिला. मी सरळ आमच्या मुलीकडे बोट केलं. "तू इकडे ये. तू तिकडे जा."

ती उठली आणि मुकाट्याने येऊन बसली. 'मॅडम'शी वाद कसा घालणार?

मी बटण दाबलं. दुसऱ्याच मिनिटाला तिने मान वर करून काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली. परीक्षा चालू असताना मावशी-भाचीच्या खाणाखुणा चालल्यात असं कुणाला वाटायला नको! तिने पुन्हा पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा मी खाली वाकून चप्पल नीट करत बसले. पंचवीस मिनिटं मी अशी प्रामाणिक राहिले.

पेपर गोळा करताना कळलं, तिच्या कागदावर नाव आणि नंबर सोडून काही नव्हतं.

"आवाजच नव्हता. वायर हलवली तरी नाही," ती पुटपुटली.

"मग हात वर करायचा ना!"

तिने भिंतीकडे बोट केलं. तिथे सरांच्याच सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं: 'रेकॉर्डिंग चालू असताना हात वर करणाऱ्याचा पेपर काढून घेतला जाईल.' मागच्या वर्षी काही पोरांनी एक बोट म्हणजे पहिला पर्याय, दोन बोटं म्हणजे दुसरा, असा धंदा मांडला होता, तेव्हापासूनचा तो नियम. तो कागद चिकटवलाही मीच होता.

तळपायाची आग मस्तकात गेली. कुणावर काढावी तेच कळेना, म्हणून ती सगळी घेऊन तशीच सरांच्या खोलीत शिरले. मुलगी माझ्या मागे.

सर चहा पीत होते. सगळं ऐकून घेतलं आणि कप अगदी हळू बशीत ठेवला.

"हेडफोन परीक्षेआधी तपासणं हे तुमचं काम."

"तपासला. चार वेळा अर्जही दिला."

"अर्ज तर सगळेच देतात. हिला तोंड उघडायला काय झालं होतं?"

"तुमचा नियम भिंतीवर आहे, सर."

"नियम म्हणजे काय दगडावरची रेघ आहे? तारतम्य नको माणसाला? आता पेपर झाला. फेरपरीक्षा घेतली तर बाकीचे बोंबलतील. पुढच्या वर्षी अर्ज कर, बाळ. वय काय तुझं, वीस? अजून जग पडलंय पुढे."

तो 'बाळ' ऐकला आणि आमची मुलगी, जिचा आवाज घरात जेवायला हाक मारतानाही दाराबाहेर जात नाही, ती उसळली. आणि बोलली ती त्या परक्या भाषेत. जी भाषा ती इथे शिकली, त्याच भाषेत, एका दमात. मी काही त्या भाषेची पदवीवाली नाही. पण अकरा वर्षं काचेमागे बसून तीच ऐकतेय. मला शब्द न् शब्द कळला. ती म्हणत होती, संस्कृतीच्या पेपरात तुम्हीच आम्हाला पाच मार्कांसाठी लिहायला लावलंत की ते लोक वरिष्ठाला तोंडावर चूक दाखवतात, आणि वरिष्ठ त्याचे आभार मानतो. आम्ही ते पाठ केलं. तुम्ही ते कधी वाचलंत का?

सरांच्या कपाळावर आठी पडली. "जरा हळू बोल. नीट कळत नाहीये."

"रेकॉर्डिंग समजा, सर," मी म्हटलं. "दोनदाच ऐकायला मिळेल."

"तुम्ही मध्ये पडू नका! तुमचा काय संबंध?"

"ती माझी मावशी आहे," मुलगी आता आपल्या भाषेत म्हणाली. "सख्खी. आणि मला त्या टेबलावर तिनेच बसवलं. कारण मी तिची भाची आहे. तुम्ही अर्ज वाचले नाहीत आणि हिने माझ्याकडे पाहिलं नाही. दोघांचाही नियम पाळून झाला."

मला सरांचा राग येत होता तो येतच होता, पण हे माझ्या वाट्याचं होतं आणि ते बरोबर होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं, तर इथे संन्यासीणच चोर निघाली होती.

मी त्यांच्याच टेबलावरून एक कोरा कागद ओढला. उभ्या उभ्या लिहिलं: चार अर्जांच्या चार तारखा. ऐन परीक्षेत मी जागा बदलली ती गोष्ट. ती माझी भाची आहे आणि हे मी तीन वर्षं लपवलं, ते. खाली सही केली आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"याची पोच द्या, सर. कागद मिळाला म्हणून सही. 'पाहू' नको."

सरांनी तो दोनदा वाचला. पोच दिली की चार तारखा कायमच्या फायलीत जाणार, हे त्यांना माझ्याहून चांगलं कळत होतं. पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

"राखीव रेकॉर्डिंग आहे?"

"आहे. कपाटात, सीलबंद."

"शनिवारी दहा वाजता. हिची एकटीची. प्रयोगशाळेत तुम्ही पाऊल टाकायचं नाही, मशीन दुसऱ्या विभागाचा माणूस चालवेल. आणि तुमच्या नेमणुकीचं पुढच्या सत्रात बघावं लागेल."

"बघा," मी म्हटलं. "पोच?"

त्यांनी सही केली. या वेळी अक्षर काही तितकं सुंदर आलं नाही.

शनिवारी मी बाहेर बाकावर बसले. शेजारी ताई. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती आणि आता बोलायला लागली ती थांबेचना.

"एवढी कसली गं तुझी इभ्रत? लोक काय म्हणतील म्हणून पोरीचा बळी दिलास? स्वतःच्या पोटची असती तर बसवली असतीस तिथे?"

"बसवली असती," मी म्हटलं. ते खरं होतं, आणि त्याने काहीही सुधारत नव्हतं.

"मग तर तू आणखीच वाईट आहेस."

"हो."

"नुसतं हो म्हणू नकोस! भांड तरी माझ्याशी!"

मी भांडले नाही. जाड दाराआडून काहीच ऐकू येत नव्हतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी त्या दाराच्या चुकीच्या बाजूला होते.

पावणेअकराला मुलगी बाहेर आली. आईला म्हणाली, "सोळा नक्की बरोबर आहेत. चारांचं माहीत नाही."

ताईने तिला कवटाळलं आणि तिथेच रडायला लागली. चौदा पुरणार होते. मुलगी आईच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहत होती. या वेळी मी नजर वळवली नाही, फार जड गेलं तरी.

"मी जाणार तिकडे," ती मला म्हणाली. "पण तुझ्यावरचा राग गेला नाहीये. बरोबर घेऊन जाणार आहे."

"ने. त्याचं वजन धरत नाहीत विमानात."

ती हसली नाही. ताईच्या हातातली पाण्याची बाटली घेतली, अर्धी प्यायली, आणि उरलेली माझ्यापुढे धरली.

"पी. सकाळपासून बसलीयस."